बंदी नाही, तरी डिस्टोपिया

डिस्टोपिया, म्हणजे जगणंच भयाण झालेला समाज, म्हटलं की आपल्यासमोर कुणीतरी हुकूमशहा येतो, चौकाचौकात कॅमेरे आणि बोलायला बंदी. पण १ जुलै २०१८ ला आपल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी जे झालं तिथे बोलायला बंदी कुठे होती, उलट सगळेच बोलत होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते आणि भिक्षा मागून पोट भरणाऱ्या डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं.

लोक अडाणी म्हणून असं झालं, असं म्हणणं फार सोयीचं आहे, मला ते पटत नाही.

१९७७ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला, कॉलेजच्या मुलांना काही वाक्यं दाखवली, दोन-दोन आठवड्यांनी त्यातली काही परत दाखवली आणि दर वेळी विचारलं, खरं वाटतं का? जी वाक्यं परत आली ती जास्त खरी वाटायला लागली, बाकी पुरावा काहीच नाही. मेंदूला ओळखीचं वाचायला सोपं जातं आणि सोपं गेलं की तो त्याला खरं धरतो. आता तोच मेसेज भाऊबंदांच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, केळीवाल्यांच्या ग्रुपवर आला तर? आपल्याला वाटतं तीन जणांनी सांगितलं, खरं तर एकच मेसेज तीन दारांनी आत आलेला असतो.

त्यात वेग बघा. २०१८ ला एका ग्रुपमध्ये २५६ जण बसायचे, म्हणजे पाच ग्रुपला टाकलं तरी एका अंगठ्यात हजाराच्या वर लोक. पारावरची अफवा पायी जायची हो, वाटेत कुणीतरी भेटायचं आणि म्हणायचं, काय सांगतो भो, मी आत्ताच तिकडून आलो. व्हॉट्सॲपने त्याच जुलैत भारतात फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा घातली, २०२० च्या एप्रिलमध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जाईल असं केलं आणि कंपनीच म्हणते की असे फॉरवर्ड ७० टक्क्यांनी कमी झाले. लोक तेच, फक्त अंगठ्याला जरा जास्त काम पडलं.

आमच्या मावशीने परवा अहिराणीतली एक व्हॉइस क्लिप पाठवली, मी विचारलं कोण बोलतोय हा, तर म्हणे माहीत नाही, पण आपलाच माणूस बोली राहिना (बोलतोय) ना.