पहिली गोळी कुठे लावायची: शिकारीला येणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मोठ्या जनावराच्या शिकारीला आमच्यासोबत येणाऱ्या प्रत्येकाला हे पत्रक बुकिंगच्या वेळीच दिलं जातं. कोणतं जनावर, कोणता हंगाम, कसला परवाना, हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो आणि त्याचे कागद आम्ही वेगळे पाठवतो. इथे विषय एकच आहे: चाप ओढल्यावर जनावर काही सेकंदांत, हाल न होता कसं मरेल.

रायफलच्या दणक्याने जनावर कोसळतं, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. खरं तर बहुतेक वेळा ते रक्तस्रावाने मरतं. दोन्ही फुफ्फुसं किंवा हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या फाटल्या की रक्तदाब एकदम उतरतो, मेंदूला रक्त मिळेनासं होतं आणि साधारण दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. तेवढ्या वेळात हरणाच्या जातीचं जनावर ५० ते १०० मीटर सहज पळतं. त्यामुळे जनावर पळालं म्हणजे नेम चुकला, असं लगेच धरून चालू नका. उलट बार होताच जे जागच्या जागी पडतं, त्याच्याबद्दल आम्ही जास्त सावध असतो. कारण पुढे येईलच.

कातड्यावरचा ठिपका नको, आतली वाट बघा

नवखा माणूस कातड्यावर एक ठिकाण हेरतो आणि तिथे नेम धरतो. आमचा वाटाड्या तुम्हाला विचारेल, "गोळी पलीकडून कुठे बाहेर पडेल?" जनावर आडवं उभं, म्हणजे त्याची पूर्ण कूस तुमच्याकडे असेल तर उत्तर सोपं आहे. पुढच्या पायाच्या रेषेत सरळ वर या आणि छातीच्या उंचीचा खालचा एक तृतीयांश भाग संपतो तिथे, पायाच्या किंचित मागे नेम धरा. आफ्रिकेतल्या कुडूसारख्या (पीळदार शिंगांचं मोठं हरण) जनावरांचं हृदय बरंच पुढे आणि खाली, जवळजवळ खांद्याच्या आड असतं. तिथे पायाच्या मागे न जाता नेम पायाच्या रेषेतच ठेवा.

जनावर तिरकं, तोंड तुमच्यापासून वळवून उभं असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे बघा आणि गोळी त्याच्या दिशेने जाईल असा नेम लावा. अशा वेळी गोळी बरगड्यांमधून बरीच मागे आत शिरते. दिसायला चुकीची जागा, पण वाट बरोबर. कोन फार तीव्र असेल तर मात्र ती आधी कोथळ्यातून जाते, आणि मग थांबणंच बरं. जनावर तिरकं तुमच्याकडे तोंड करून असेल तर वाटेत खांद्याचं जाड हाड येतं, समोरासमोर असेल तर लक्ष्य अगदी अरुंद होतं. या दोन्ही वेळी वाटाड्या हो म्हणाला तरच. पाठमोऱ्या जनावरावर पहिली गोळी झाडायची नाही, याला अपवाद नाही.

वशिंड असलेल्या जनावरांत एक चकवा आहे. आफ्रिकी रानरेडा, विल्डबीस्ट, अमेरिकी बायसन, मूस यांच्या खांद्यावरच्या मणक्यांना लांब उभे काटे असतात. बाहेरून शरीर खूप उंच दिसतं, पण वरचा बराचसा भाग म्हणजे फक्त हाडाचे काटे आणि मांस. पाठीचा कणा आणि फुफ्फुसं त्याच्या खूप खाली असतात. दिसणाऱ्या उंचीच्या मध्यावर नेम धरला तर गोळी फुफ्फुसांच्या वरच्या कडेला जाते, थोडी अजून वर गेली तर नुसत्या काट्यांना लागते. अशा वेळी जनावर धाडकन कोसळतं, सगळे हस्तांदोलन करतात, आणि काही क्षणांत ते उठून झाडीत नाहीसं होतं. म्हणून जनावर पडलं तरी लगेच दुसरी गोळी भरा, नेम त्याच्यावर ठेवा. हालचाल दिसली तर वाटाड्याच्या परवानगीची वाट न बघता पुन्हा झाडा.

डोक्यात का नको

मेंदूला लागलेली गोळी सगळ्यात जलद, हे खरं. पण मेंदू लहान, आणि जनावराचं डोकं सतत हलत असतं. नेम थोडा खाली गेला तर जबडा फुटतो. असं जनावर पळून जातं, खाता-पिता येत नाही म्हणून दिवसेंदिवस झुरून मरतं आणि बहुधा कुणाच्या हाती लागत नाही. मानेचंही तसंच, मणका मानेत नेमका कुठून जातो हे केसाळ, जाड मानेवरून ओळखता येत नाही.

यावर काही जण डब्ल्यू. डी. एम. बेल यांचं नाव काढतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी आफ्रिकेत शेकडो हत्ती मारले आणि त्यांतले कित्येक लहान बोअरच्या, म्हणजे नळीचा व्यास लहान असलेल्या रायफलने, मेंदूत गोळी घालून. खरं आहे. पण त्यांनी हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू कुठे असतो ते बघितलं होतं. लहान रायफल पुरते, हा त्यातून काढायचा निष्कर्ष नव्हे.

आजही आफ्रिकेतल्या अनेक देशांत रानरेडा आणि हत्तीसाठी ३७५ बोअर (०.३७५ इंच) ही किमान मर्यादा आहे. मात्र साध्या हरणांसाठी उगीच मोठी रायफल आणू नका. धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटणारे आम्ही नेहमी बघतो. सवयीची ३०८ बोअरची रायफल आणि आत जाऊन फुलणारी चांगली गोळी पुरेशी आहे. न फुलणारी सॉलिड गोळी आरपार जाऊन मागच्या जनावराला जखमी करू शकते. मागे दुसरं जनावर उभं असेल तर फुलणारी गोळीसुद्धा झाडायची नाही.

किती लांबून

नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्याला दर वर्षी नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. आमची चाचणी साधी आहे. तिपाईवर, म्हणजे तीन काठ्यांच्या टेकूवर रायफल टेकवून, उभ्याने, ज्या अंतरावरून तुमच्या पाचही गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात बसतात, ते तुमचं अंतर. बाकावर वाळूच्या पिशव्या ठेवून मारलेले नेम आम्ही मोजत नाही.

दूरच्या नेमात अडचण फक्त हाताची नसते. ३०० मीटरवर पोचायला गोळीला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल पुढे टाकतं आणि फुफ्फुसावर धरलेला नेम कोथळ्यात जातो.

बार झाल्यावर

बार होताच जनावराची पहिली प्रतिक्रिया नीट बघा. फुफ्फुसाला लागलं तर ते बहुधा झटका खाऊन मान खाली घालून सुसाट पळतं. कोथळ्यात लागलं तर पाठ कमानीसारखी वाकवून, सावकाश चालत जातं. ते कुठे उभं होतं, शेवटचं कुठे दिसलं, हे झाड किंवा दगड हेरून लक्षात ठेवा. त्या जागी स्वतः धावत जाऊ नका. रक्ताचा माग पायाखाली तुडवला जातो.

फिक्कट, फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुस. गडद लाल रक्त यकृताचं किंवा नुसत्या मांसाचंही असू शकतं. त्यात हिरवट चोथा किंवा वास असेल तर कोथळा, आणि मग काही तास थांबावं लागतं. लगेच मागे लागलं तर जनावर आडवं न होता पळतच राहतं. फुफ्फुसाच्या रक्तावर आम्ही साधारण वीस मिनिटं थांबतो. रानरेड्याच्या मागावर तुम्ही आमच्या पाठीमागेच राहायचं.

पडलेल्या जनावराजवळ पाठीच्या बाजूने जा, पायांच्या बाजूने नको. लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली तर अजून जीव आहे. मागे सरून आणखी एक गोळी झाडा.

रक्त सांडलं की ते जनावर तुमच्या परवान्यात मोजलं जातं, मग सापडो वा न सापडो. माग संपेपर्यंत त्या दिवशी दुसऱ्या जनावरावर बंदूक उचलता येणार नाही. चाचणीसाठी पहिल्या दिवशी सकाळी तुमच्याच काडतुसांचा एक डबा वेगळा काढून ठेवा. शिकारीला वापरणार आहात तीच गोळी चाचणीलाही हवी.