बडोद्यात सोसायटीचा आतला रस्ता किंवा ड्रेनेज करायचंय? 70-20-10 चा अर्ज असा करा

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत पेपरात येतं की कॉर्पोरेशनचं बजेट आलं, इतके हजार कोटी, आणि मग आमच्या सोसायटीच्या बाकड्यावर ठरलेलं बोलणं सुरू होतं, एवढे पैसे जातात कुठे आणि आपल्या इथला एक खाडा का बुजत नाही. मीपण त्या बाकड्यावर बसून बरीच वर्षं हेच बोललो. मग सेक्रेटरीपद गळ्यात पडलं, कोणीच घेत नव्हतं म्हणून, आणि वॉर्ड ऑफिसात गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कळलं की ज्या रस्त्यावरून आपण कॉर्पोरेशनला बोल लावतो तो कॉर्पोरेशनचा नाहीच, आपलाच आहे.

हे आधी समजून घ्या, कारण अर्धे लोक इथेच चुकतात. सोसायटीच्या गेटबाहेरचा रस्ता, टीपी रोड म्हणजे टाउन प्लॅनिंगमधला रस्ता, मेन रोड, हा सगळा कॉर्पोरेशनचा, तो पूर्ण त्यांच्या खर्चाने होतो आणि त्यासाठी अर्ज वेगळा, साधी तक्रार किंवा काउन्सिलरना पत्र. गेटच्या आतला रस्ता, कॉमन प्लॉट, आतली पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन ही खाजगी मालमत्ता. तिथे कॉर्पोरेशन आपल्या बजेटमधून सरळ पैसे घालत नाही. त्यासाठीच राज्य सरकारची जनभागीदारी योजना आहे, स्वर्णिम जयंती मुख्यमंत्री शहेरी विकास योजनेखाली, गुजरात राज्याला पन्नास वर्षं होत होती त्या सुमाराला सुरू झालेली. सगळे तिला नुसतं सत्तर-वीस-दहा म्हणतात. 70 टक्के राज्य सरकार, 20 टक्के सोसायटी, 10 टक्के कॉर्पोरेशन.

आकड्यात सांगतो म्हणजे डोक्यात बसेल. आमच्या 28 टेनामेंटच्या, म्हणजे 28 घरांच्या, सोसायटीचं पेव्हर ब्लॉकचं एस्टिमेट आलं 11 लाख 20 हजार. त्यातले 7 लाख 84 हजार सरकारचे, 1 लाख 12 हजार कॉर्पोरेशनचे आणि आमचे 2 लाख 24 हजार, म्हणजे घरटी 8,000. हेच काम एका खाजगी कॉन्ट्रॅक्टरकडून विचारलं होतं तेव्हा घरटी चाळीस हजारांच्या आसपास जात होतं आणि मीटिंग तिथेच मोडली होती.

कोणाला करता येतो अर्ज? कॉर्पोरेशनच्या हद्दीतली राहण्याची सोसायटी पाहिजे. रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, असलेला, मंजूर लेआउटवाला प्लॉट पाहिजे. पूर्ण दुकानांचं कॉम्प्लेक्स यात बसत नाही. सोसायटी सहकारी कायद्याखाली रजिस्टर असेल तर काम सोपं, कारण सही कोणाची, शिक्का कोणाचा हा प्रश्न उरत नाही. आमच्या मागच्या गल्लीत सोसायटी कधी रजिस्टरच केली नव्हती, बिल्डरने पंचेचाळीस वर्षांपूर्वी घरं विकली आणि गेला, त्यांचं सगळं पहिल्यापासून करायला लागतंय. कामं कुठली होतात तर आतले रस्ते, सीसी म्हणजे सिमेंट काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक, पाण्याची लाइन, ड्रेनेज, स्ट्रीट लाइट. देवळाचा ओटा, गेटची कमान, सीसीटीव्ही असलं काही त्यात घुसवायला जाऊ नका. आमच्याकडे एका काकांनी कॉमन प्लॉटमधे गणपतीचा मांडव कायमचा बांधून घेऊ असं सुचवलं होतं, मुश्किलीने समजावलं.

आता कागद. आमच्याकडे जे मागितलं ते सांगतो आणि हे सगळं एका फाइलमधे दोन कॉपीत आधीच करून ठेवा. सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटची झेरॉक्स, जनरल मीटिंगचा ठराव, ज्यात काम कुठलं आणि 20 टक्के भरायला आम्ही तयार आहोत हे स्पष्ट लिहिलेलं असावं, मंजूर लेआउट प्लॅन, सगळ्या घरांची यादी नाव आणि सहीसकट, आणि प्रत्येक घराच्या वेरा बिलाची, म्हणजे घरपट्टीची, भरलेली पावती. शिवाय एक बाँहेधरी, म्हणजे हमीपत्र, की काम झाल्यावर देखभाल सोसायटी करेल आणि याच कामासाठी दुसरीकडून ग्रांट घेतलेली नाही.

वेरा बिलावर थांबा जरा. 28 पैकी तीन घरांचा वेरो बाकी निघाला. एकाचा तीन वर्षांचा. ते म्हणे मुलगा भरतो ऑनलाइन, मुलगा म्हणे बाबा भरतात. अर्ज द्यायच्या आधी सेक्रेटरीने घरोघर जाऊन पावती बघावी, हे जरा ऑकवर्ड वाटतं पण फाइल अडकल्यावर जास्त ऑकवर्ड होतं.

आणि ठरावाची एक गंमत, खास आपल्या लोकांसाठी. आमची सोसायटी सत्तरच्या दशकातली, तेव्हा जवळजवळ सगळी घरं मराठी, त्यामुळे मिनिट्स बुक पहिल्यापासून मराठीत. सुंदर अक्षर, शाईचं पेन, 'सर्वानुमते मंजूर' वगैरे. मी तेच पान झेरॉक्स करून नेलं. खिडकीवरच्या बेननी वाचायचा प्रयत्न केला, हसल्या आणि म्हणाल्या, भाई, गुजरातीत लिहून आणा. बरोबरच आहे त्यांचं. ठराव हा शब्द दोन्हीकडे एकच पण बाकीचं पान त्यांना कसं कळणार. तेव्हा ठरावाची गुजराती नक्कल करा, खाली चेअरमन आणि सेक्रेटरीची सही, शिक्का, आणि मूळ पान सोबत जोडा. बुक मात्र मराठीतच चालू ठेवलंय आम्ही, ते सोडणार नाही.

फाइल दिली की वॉर्डाचे इंजिनिअर साइटवर येतात, टेपने मोजतात आणि सरकारी शेड्यूलच्या भावाने एस्टिमेट करतात. त्या दिवशी सोसायटीतला एक तरी माणूस सोबत फिरला पाहिजे ज्याला माहितीये की चेंबर कुठे दडलंय. आमच्याकडे दोन चेंबर एका घराच्या तुळशी वृंदावनाखाली निघाले, वहिनींनी पंधरा वर्षांपूर्वी बांधलेलं, त्यांनाही आठवत नव्हतं खाली काय आहे. एस्टिमेटमधे लाइन सुटली तर नंतर ती जोडून घेणं फार त्रासाचं.

इथेच सगळ्यात मोठा निर्णय असतो, आधी काय करायचं. प्रत्येकाला पेव्हर ब्लॉक पाहिजे कारण ते दिसतं. पण ड्रेनेज जुनं असेल तर आधी ड्रेनेज, मग पाण्याची लाइन, मग रस्ता. गॅसची पाइप घ्यायची असेल ज्यांना राहिलीये त्यांनी तेव्हाच घ्यावी, विजेची केबल बदलायची असेल तर तीपण. आमच्या शेजारच्या सोसायटीने लालपिवळे ब्लॉक बसवले, दिवाळीला रांगोळ्या काढल्या आणि पुढच्या पावसात ड्रेनेज चोकअप होऊन तोच रस्ता मधोमध उकरला. परत बसवलेले ब्लॉक आता स्कूटर गेली की टकटक वाजतात.

रस्त्याची लेव्हल हा दुसरा मुद्दा, आणि 2024 च्या ऑगस्टनंतर बडोद्यात कोणाला तो सांगायला नको. विश्वामित्रीने 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की पाणी कुठून येतं ते सगळ्यांनी बघितलं. जुन्या रस्त्यावरच नवा थर चढवला तर रस्ता उंच आणि घरं खाली, मग पहिल्या पावसातच पाणी ओट्यावर. जुना थर खोदून काढायचा असं एस्टिमेटमधे आहे का हे विचारून घ्या, आणि पाणी कुठल्या बाजूला उतरणार हेपण.

मग 20 टक्के. फाइल बहुतेक इथे अडते. कॉर्पोरेशनमधे नाही, सोसायटीतच. आमच्या कोपऱ्यावरच्या घराचं दार मेन रोडवर, ते म्हणाले आम्ही आतला रस्ता वापरतच नाही, का देऊ. एक घर पाच वर्षं बंद, मालक न्यू जर्सीत. दोन घरात भाडेकरू, ते म्हणतात मालकाला विचारा आणि मालक म्हणतो राहतो कोण. एक आजी, पेन्शनवर, त्यांना एकदम 8,000 जड. आम्ही असं केलं की आधी ठरावातच लिहिलं की वाटा घरटी समान, दार कुठल्याही बाजूला असो. न्यू जर्सीवाल्यांना व्हॉट्सअॅपवर एस्टिमेटचा फोटो पाठवला, त्यांनी दुसऱ्या दिवशी पैसे टाकले, सगळ्यात आधी त्यांचेच आले म्हणजे बघा. आजींचे चार हप्ते केले आणि फरक मेंटेनन्सच्या खात्यातून भरला. कोपऱ्यावरचे भाऊ शेवटपर्यंत अडून बसले, शेवटी त्यांच्या मिसेसनीच दिले, पिशवीत रोख, कोणाला सांगू नका म्हणाल्या. आता सांगितलं म्हणा, पण सोसायटीचं नाव कुठे लिहिलंय मी.

रोख घेतलीत तर लगेच पावती फाडा आणि सोसायटीच्या खात्यात भरा, कॉर्पोरेशनला सोसायटीच्या खात्यातूनच चेक किंवा डीडी द्या. सेक्रेटरीच्या पर्सनल जीपेवर 28 घरांचे पैसे घेण्याचा शहाणपणा करू नका.

पैसे भरल्यावर मंजुरी, टेंडर, वर्क ऑर्डर ही सगळी त्यांची प्रोसिजर, तिथे आपण फक्त विचारत राहायचं. पैसे भरल्याच्या पावतीवरचा नंबर आणि फाइलचा इनवर्ड म्हणजे आवक नंबर मोबाइलमधे फोटो काढून ठेवा. माझ्या आधीच्या सेक्रेटरींनी एकदा अर्ज केला होता म्हणे, पण इनवर्डचा शिक्का मारून कॉपीच घेतली नव्हती, त्यामुळे तो अर्ज होता की नव्हता हे आता देवालाच माहीत.

वेळ कधीची धरायची यासाठी बजेट कसं चालतं ते थोडं कळलं पाहिजे. कमिशनर ड्राफ्ट बजेट स्थायी समितीपुढे ठेवतात, साधारण जानेवारीच्या शेवटी. स्टँडिंगमधे त्यात कमीजास्त होतं, मग फेब्रुवारीत सभेपुढे जातं, 19 वॉर्ड, प्रत्येकी चार, असे 76 काउन्सिलर, खंडेराव मार्केटमधल्या मुख्य ऑफिसात. मंजूर झालं की 1 एप्रिलपासून लागू. ज्या कायद्याने हे चालतं तो 1949 चा, मूळ मुंबई प्रांताचा, म्हणजे पुण्याच्या महापालिकेचा आणि आपला कायदा मुळात एकच, नंतर दोन राज्यं झाली. 2007 मधे गुजरातेत जकात गेली, तेव्हापासून कॉर्पोरेशनचा एक हातचा पैसा गेला आणि राज्याच्या ग्रांटवर जास्त भिस्त आली, म्हणून आपल्या गल्लीच्या रस्त्याचे सत्तर टक्के गांधीनगरहून येतात.

तेव्हा मार्चमधे अर्ज घेऊन पळण्यात अर्थ नाही, तेव्हा सगळे वर्षअखेरीच्या बिलात असतात. आमचा हिशोब असा होता, गणपती झाल्यावर जनरल मीटिंग, दिवाळीआधी ठराव आणि सह्या, देवदिवाळीपर्यंत फाइल आत. मग इंजिनिअरची व्हिजिट थंडीत होते आणि पावसाच्या आधी काम पदरात पडायचा चान्स असतो. बजेटच्या आधी कॉर्पोरेशन नागरिकांकडून सूचनापण मागवतं, त्यात गेटबाहेरच्या कामाचं लिहा, स्ट्रीट लाइट, पावसाळी गटर, बागेचा वॉकवे. आतलं काम त्यात लिहून उपयोग नाही, ते 70-20-10 मधेच जाणार.

काउन्सिलरना भेटायचं का? भेटाच. त्यांची स्वतःची वर्षाची ग्रांट असते, बाकडी, बोर्ड, छोटी कामं त्यातून होतात, आपण ज्या बाकड्यावर बसून बजेटला नावं ठेवतो त्याच्या पाठीवर कोणाचं नाव रंगवलंय ते बघा एकदा. चारही जणांना पत्र द्या, एकालाच नाही, नाहीतर बाकीचे तिघं म्हणतात आमच्याकडे आलाच नाहीत.

फाइल बरेच महिने हलली नाही आणि तोंडी उत्तर मिळत नाही, तर आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज. गुजरातेत फी 20 रुपये, बीपीएल कार्ड असेल तर माफ, झेरॉक्सचे पानाला 2 रुपये. 30 दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर त्यानंतर 30 दिवसांत पहिलं अपील तिथल्याच वरच्या अधिकाऱ्याकडे, आणि तिथेही नाही झालं तर 90 दिवसांत गांधीनगरला माहिती आयोगात. अर्ज गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत करा, कायद्यात तेवढ्याच भाषा चालतात इथे, मराठीत लिहिलात तर तो बाजूला पडेल. आणि 'आमचं काम का झालं नाही' असं विचारू नका, का-ला आरटीआयमधे उत्तर नसतं. विचारा की अमुक इनवर्ड नंबरची फाइल आज कोणाच्या टेबलवर आहे, तिथे कुठल्या तारखेला गेली, आणि त्यावरच्या शेऱ्यांची कॉपी द्या.

काम चालू असताना एक माणूस रोज खाली उभा राहिला पाहिजे. आमच्याकडे रिटायर्ड काका होते, रेल्वेतले, खुर्ची टाकून बसायचे, ब्लॉकखाली रेती किती पडतेय ते काठीने मोजायचे, मजुरांना चहा पाजायचे आणि तेवढ्याच प्रेमाने दोन रांगा उखडून परत लावायला सांगायचे. एस्टिमेटची कॉपी त्यांच्या खिशात घडी करून असायची. ती घडी उघडून दाखवली की वाद संपायचा.

आणि मीटिंगची तारीख काढताना एवढं बघा की उत्तरायणचा, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचा, आठवडा नको. आम्ही एकदा 12 जानेवारीला ठेवली होती. पाच जण आले, त्यातल्या दोघांच्या बोटाला मांजा कापल्याची पट्टी होती, आणि कोरम झाला नाही.