आय.ई.एफ. आणि एस.डी.एस.-पेज : माशाची जात कोणते जेल सांगते?

डोके, कातडी आणि शेपटी काढलेली माशाची तुकडी तपासणीला आली, तर स्नायूंतील प्रथिनांवरून तिची जात ओळखता येते. परंतु अहवालात ‘जेलवरचे पट्टे जुळले’ एवढेच लिहिलेले असते (जेल म्हणजे ज्या मऊ थरातून विजेच्या साह्याने प्रथिने सरकतात आणि पट्ट्यांच्या रूपात वेगळी होतात तो थर), तेव्हा कोणते जेल, हे मला दर वेळी विचारावे लागते. एस.डी.एस.-पेज बहुतेकांनी हाताळलेले असते : नमुना एस.डी.एस. या डिटर्जंटमध्ये उकळायचा आणि प्रथिने वजनानुसार वेगळी करायची. आयसोइलेक्ट्रिक फोकसिंगमध्येही, म्हणजे आय.ई.एफ.मध्येही, कूमासी या रंगद्रव्याने रंगवल्यावर तसेच निळे पट्टे दिसतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

खरा फरक विद्युतभाराचा आहे. एक ग्रॅम प्रथिनाला सुमारे १.४ ग्रॅम एस.डी.एस. चिकटते आणि त्याचा मूळ भार झाकून टाकते. आय.ई.एफ.मध्ये तोच मूळ भार निर्णायक असतो : जेलमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पीएच (आम्लतेचे माप) बदलत जातो आणि ज्या पीएचला प्रथिनाचा एकूण भार शून्य होतो, तिथे ते थांबते. एस.डी.एस.चे जेल वेळेवर बंद केले नाही, तर लहान प्रथिने खालून निघून जातात, आय.ई.एफ.चा पट्टा मात्र जागीच राहतो.

पांढऱ्या स्नायूंतले पार्व्हअल्ब्युमिन हे प्रथिन घ्या. बहुतेक माशांत त्याचे वजन सुमारे १२ किलोडाल्टन (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) असते, त्यामुळे एस.डी.एस.-पेजवर निरनिराळ्या जातींचे पट्टे जवळजवळ एकाच रेषेत येतात. एका जातीत या प्रथिनातील ॲस्पार्टिक आम्ल या अमिनो आम्लाच्या जागी ॲस्पराजिन हे अमिनो आम्ल आले, तर वजन जेमतेम एका डाल्टनने बदलते. भार मात्र पूर्ण एककाने बदलतो आणि आय.ई.एफ.वर पट्टा सरकलेला स्पष्ट दिसतो. म्हणून कच्च्या माशासाठी माझी पसंती निःसंशय आय.ई.एफ.ला आहे.

त्यासाठी मांस थंड पाण्यात वाटून, सेंट्रिफ्यूज करून वरचा नितळ अर्क घ्यावा. सवयीने तो उकळला, तर पाण्यात विरघळणारी बहुतेक प्रथिने साकळतात आणि नमुना वाया जातो. शिजवलेल्या माशात हे आधीच घडलेले असल्याने तिथे एस.डी.एस.-पेज किंवा साकळलेली प्रथिने विरघळवणाऱ्या युरियासह केलेले आय.ई.एफ. वापरावे. जातीची खात्री असलेल्या माशाचा अर्क त्याच जेलवर शेजारी असलाच पाहिजे. जुन्या छायाचित्राशी पट्टे जुळवणे मला मान्य नाही. ट्यूनांसारख्या एकमेकींच्या निकटच्या जातींचे पट्टे इतके सारखे असतात की तिथे डी.एन.ए. तपासणीच करावी.