सीएमआरटी फॉर्म कोणी भरायचा, कसा भरायचा: खान्देशातल्या इलेक्ट्रॉनिक्स युनिटसाठी माहिती

जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत सर्किट बोर्ड, एलईडी ड्रायव्हर, पंपाचे स्टार्टर बनवत असाल आणि माल घेणारी कंपनी निर्यात करत असेल, तर आज ना उद्या ‘सीएमआरटी’ (कॉन्फ्लिक्ट मिनरल्स रिपोर्टिंग टेम्प्लेट, म्हणजे मालातल्या ठरावीक धातूंचा उगम सांगायचा फॉर्म) नावाची एक्सेल फाइल तुमच्या ईमेलवर येणारच. अनेक जण ती सीएकडे ढकलतात. त्यातली उत्तरं मात्र तुमच्या स्टोअरमध्ये असतात, म्हणून ती स्वतः भरा.

पूर्व काँगोतल्या खाणींच्या पैशावर सशस्त्र टोळ्या पोसल्या गेल्या. त्यामुळे अमेरिकेने 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्यात कथील, टॅन्टलम, टंगस्टन आणि सोनं या चार धातूंचा उगम तपासणं तिथल्या शेअर बाजाराशी संबंधित कंपन्यांना बंधनकारक केलं. युरोपातल्या आयातदारांना असाच नियम 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. तुमच्यावर हा कायदा थेट येत नाही, तो खरेदीदाराच्या अटींतून येतो. मालात किंवा तो बनवताना यातला एकही धातू वापरत नसाल, तर पहिल्याच प्रश्नाला चारही धातूंपुढे ‘नाही’ लिहा.

बोर्ड जोडणाऱ्याला मात्र ‘नाही’ म्हणता येत नाही. सोल्डरच्या रिळावरचं लेबल वाचा: 63/37 म्हणजे 63 टक्के कथील, एसएसी 305 म्हणजे साडेशहाण्णव टक्के. शिवाय काही कपॅसिटरमध्ये टॅन्टलम असतं आणि कनेक्टरच्या पिनांवर सोन्याचा मुलामा.

फॉर्म ‘रिस्पॉन्सिबल मिनरल्स इनिशिएटिव्ह’ या कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. फी नाही, सरकारी शिक्का नाही. त्यामुळे ‘सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. कंपनीचं नाव, जबाबदार व्यक्तीचं नाव, ईमेल आणि तारीख भरावी लागते. माहिती सगळ्या कंपनीची की ठरावीक मालाची, हेही सांगावं लागतं.

खरी मेहनत स्मेल्टरच्या यादीची. स्मेल्टर म्हणजे खनिज वितळवून धातू काढणारा कारखाना. तो तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, पण सोल्डर बनवणाऱ्या कंपनीला माहीत असतो. डीलरकडून तिचा सीएमआरटी मागवा आणि त्यातली नावं ‘सीआयडी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकासह उतरवून घ्या. कपॅसिटर, कनेक्टरवाल्यांनाही हेच विचारा. दुसऱ्या कोणाची भरलेली यादी चिकटवू नका. खरेदीदार ती तपासतो, आणि एकदा विश्वास गेला की ऑर्डरही जाते. निम्म्याच पुरवठादारांनी उत्तर दिलं असेल तर तेवढंच लिहा, त्यासाठी फॉर्ममध्ये टक्केवारीचा प्रश्नच आहे. काँगोचं नाव आलं म्हणून माल नाकारला जातो असंही नाही. तिथेही हातांनी खणून पोट भरणारी माणसं आहेत. सरसकट पाठ फिरवली तर तीच भरडली जातात. शेवटी त्याच फाइलमधलं ‘चेकर’ पान उघडून काही राहिलंय का बघा.

सोबत ठेवायचे कागद: सोल्डरची बिलं, लॉट नंबर, प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल, पुरवठादारांचे ईमेल आणि खनिज खरेदीचं एक पानी धोरण, मालकाच्या सहीसह. बोर्ड खराब निघाला तर दोष सोल्डरचा की जोडणीचा, हेही त्याच लॉट नंबरवरून शोधता येतं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या मार्गदर्शनानुसार या नोंदी किमान 5 वर्षं जपायच्या.

अमेरिकी कंपन्यांना मागच्या वर्षाचा अहवाल 31 मेपर्यंत द्यावा लागतो, त्यामुळे विचारणा वर्षाच्या सुरुवातीलाच येते. पुरवठादारांना डिसेंबरमध्येच ईमेल टाका.