२५ डिसेंबर, तीन मागी आणि ईस्टरचं अंडं

नाताळच्या देखाव्यात बैल आणि गाढव हवेतच. नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागातल्या, येशूच्या जन्मकथेत मात्र दोघांचाही पत्ता नाही. ते आले जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून. धन्याला ओळखणाऱ्या बैल-गाढवाचं तिथलं वचन पुढच्या पिढ्यांनी या बाळाला लावलं. १२२३ मध्ये असिसीच्या फ्रान्सिसने ग्रेचो गावात खरा चारा आणि खरी जनावरं आणून गव्हाण मांडली आणि देखाव्याची प्रथा जोमाने पसरली.

मुळात जन्मकथा येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी दोघांतच आहे, मत्तय आणि लूक यांच्या. मेंढपाळ फक्त लूककडे भेटतात, मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक) फक्त मत्तयकडे. मागी राजे होते असं मत्तय म्हणत नाही, तीन होते असंही नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी, म्हणून माणसं तीन. शिवाय ते पोचतात ते 'घरात', आणि हेरोद राजा दोन वर्षांपर्यंतच्या मुलांना मारायचा हुकूम देतो. म्हणजे मेंढपाळ आणि मागी एकाच रात्री गव्हाणीपाशी उभे करणं ही आपली जुळवाजुळव.

'उतारशाळेत जागा नव्हती' हेही जरा थांबून वाचावं. लूकचा मूळ ग्रीक शब्द आहे 'कतालूमा'. शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी तो हाच शब्द वापरतो. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत खरीखुरी पैसे देऊन राहायची जागा येते, तिथे मात्र त्याचा शब्द वेगळा. म्हणून अनेक अभ्यासक इथे घरातली पाहुण्यांची खोली धरतात. तसं असेल तर हाकलून देणारा उतारशाळेचा मालक कथेतून बादच होतो!

आता तारीख. ती दोन्ही शुभवर्तमानांत नाही. इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट हा ख्रिस्ती लेखक येशूच्या जन्माच्या वेगवेगळ्या लोकांनी काढलेल्या तारखा नोंदवतो. त्यांत मे महिन्यातली एक आहे, २५ डिसेंबर नाही. ही तारीख पहिल्यांदा स्पष्ट दिसते ती रोममध्ये ३५४ साली संकलित झालेल्या पंचांगवजा ग्रंथात.

इथे नेहमीचा दावा पुढे येतो: हा तर सूर्यदेवाचा सण, चर्चने पळवला. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये 'अजिंक्य सूर्या'चं मंदिर उभारलं हे खरं. पण २५ डिसेंबरला 'अजिंक्या'चा जन्मदिन आणि ३० रथशर्यती, ही नोंदसुद्धा ३५४ च्या त्याच ग्रंथात सापडते. दोन्ही सणांचा पुरावा एकाच कागदावर असेल तर कोणी कोणाचं घेतलं हे कसं ठरवायचं? सूर्याच्या सणामुळे तारीख बदलली असं सांगणारी सिरियाक भाषेतली प्रसिद्ध टीप तर बाराव्या शतकातली.

दुसरा खुलासा हिशेबाचा आहे. पश्चिमेकडे येशूचा मृत्यू २५ मार्चला धरत. गर्भधारणाही त्याच दिवशीची मानली की नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर येतो. ऑगस्टीन हा धर्मपंडित पाचव्या शतकात हे सरळ लिहितो. पूर्वेकडे हाच हिशेब ६ एप्रिलपासून केला तर ६ जानेवारी मिळतो, आणि आर्मेनियन चर्च आजही जन्मोत्सव त्याच दिवशी करतं. मला ही बाजू जास्त पटते, पण ३५४ च्या आधीचा कोणी हा हिशेब असा मांडून ठेवलेला नाही, हेही कबूल करायला हवं.

ईस्टरचं प्रकरण त्या मानाने सोपं. या सणाचा वल्हांडण या ज्यू सणाशी संबंध शुभवर्तमानांतच आहे. वाद होता तो दिवसाचा, आणि ३२५ च्या नायसियाच्या धर्मपरिषदेने सर्वांनी एकाच रविवारी सण करावा असं ठरवलं. 'ईस्टर म्हणजे बॅबिलोनची देवी इश्तार' हा दावा निव्वळ उच्चाराचा खेळ आहे. ग्रीक, लॅटिनमध्ये सणाचं नाव 'पास्खा', म्हणजे हिब्रू पेसाखच, अर्थात वल्हांडण. इंग्रजी नावामागे ईओस्त्रे नावाची देवी आहे असं बीड हा संन्यासी ७२५ मध्ये लिहितो, आणि त्या देवीचा तेवढा एकच जुना उल्लेख आहे. अंड्यांमागे एक साधं कारणही दिसतं: मध्ययुगात ईस्टरआधीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य, कोंबड्या मात्र घालतच राहायच्या, म्हणून ईस्टरला अंडी साठलेली असायची. अंडी आणणाऱ्या सशाची जर्मन नोंद थेट १६८२ ची.

'बायबलच्या वचनात नाही, म्हणून हे सण पाळू नका' हा आग्रह सतराव्या शतकातल्या प्युरिटन (कडव्या सुधारणावादी प्रोटेस्टंट) लोकांनी शब्दशः घेतला. इंग्लंडच्या संसदेने १६४७ मध्ये नाताळ रद्द केला. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून तो साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तो कायदा १६८१ मध्ये मागे घेतला गेला.