सशांचं चित्रपुस्तक मुलाच्या हाती देण्याआधी

नमस्कार. पुस्तकासोबत हा कागद मुद्दाम घातला आहे. पुस्तक 2 ते 6 वर्षांच्या मुलांचं; हा कागद मात्र त्यांना मांडीवर घेऊन वाचून दाखवणाऱ्यांसाठी.

ससा म्हटलं की पांढराशुभ्र, गुंजेसारख्या लाल डोळ्यांचा, गाजर खाणारा, असंच आपल्याला आठवतं. आमच्या पुस्तकात तसा पांढरा ससा एकाच पानावर आहे. बाकीचे सगळे मातकट आणि करडे, कारण रानात त्यांना गवतामातीत मिसळून जावं लागतं. लाल डोळे असतात ते अंगात रंगद्रव्यच नसलेल्या सशांचे. गाजर तर आम्ही चित्रांतून काढूनच टाकलं. सशाचं खरं खाणं गवत. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चघळूनच झिजतात. गाजर गोड, ते कधीमधी चालतं. चित्रं बघून कुणी पाळलेल्या सशाला रोज गाजरं भरवू नयेत, एवढीच काळजी.

सगळ्यात जास्त मेहनत बिळाच्या पानावर घेतली आहे. जमीन उभी कापल्यासारखी दाखवली आहे. आत आईने स्वतःच्या अंगावरचे केस उपटून केलेली मऊ गादी, आणि तीत उघडीवाघडी, डोळे मिटलेली पिल्लं. ‘यांना डोळे नाहीत का?’ असं मूल विचारेल. आहेत, साधारण 10 दिवसांनी उघडतात. मग विचारेल, ‘आई कुठे गेली?’ आई त्याच पानावर वर कोपऱ्यात, गवतात आहे. ती मुलालाच शोधू द्या. सशीण सहसा दिवसातून एकदाच येते, काही मिनिटं दूध पाजते आणि निघून जाते. सारखी ये-जा केली तर शिकारी प्राण्यांना बिळाचा सुगावा लागेल. हे ऐकून एखादं मूल हिरमुसतं. तिथे पान उलटायची घाई करू नका. ती लांब राहते ती पिल्लांना जपण्यासाठीच, हे सावकाश सांगा.

पुढच्या पानावरचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू मात्र केसाळ आहे, डोळे टक्क उघडे, आणि बसलंय उघड्या गवतात. चित्र चुकलेलं नाही. आपण दोघांनाही ससाच म्हणतो, पण बिळात राहणारा ससा वेगळा आणि उघड्यावर राहणारा रानससा वेगळा. रानसशाला पिल्लं होतात तीच अशी.

पहिल्यांदा मजकूर वाचूच नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो. मुलाचं बोट जिथे जाईल तिथे थांबा. मागचा पाय आपटणारा ससा आला की तुम्हीही जमिनीवर हात आपटा; धोका दिसला की ससे बाकीच्यांना असंच सावध करतात. शेवटच्या पानावर एक मुलगी ससा उचलते आहे. तिचा एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली आहे, तो नीट दाखवा. सशाला कान धरून उचललं तर त्याला फार दुखतं.

पानं जाड पुठ्ठ्याची आहेत, कोपरे गोल कापलेले, आणि कागद मॅट, म्हणजे रात्री दिव्याखाली वाचताना चकाकत नाही. डाग पडला तर ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. पाण्यात भिजला तर पुठ्ठा फुगतो. बांधणी सुटली किंवा पान निघालं तर पुस्तक परत आणा, बदलून देऊ. मुलाच्या हातून फाटलं असलं तरीही.