‘व्हिजन’मधला ‘द’ कुठे गेला?

‘व्हिजन’ हा शब्द आपल्या ‘विद्ये’वरून निघाला, म्हणून इंग्रजी ही संस्कृतची लेक, असा संदेश अधूनमधून मोबाइलवर येतो. यातले नाते खरे आहे, पण ते आई-लेकीचे नाही. इंग्रजीने ‘व्हिजन’ जुन्या फ्रेंचमधून घेतला आणि फ्रेंचने लॅटिनमधून. लॅटिनमध्ये ‘विदेरे’ म्हणजे पाहणे आणि ‘वीसिओ’ म्हणजे दर्शन. या ‘विदेरे’तला ‘विद्’ आणि संस्कृतचा ‘विद्’ ही भावंडे आहेत. त्यांच्या जननीला, आद्य इंडो-युरोपीय भाषेला, कोणताही लेख मागे ठेवता आला नाही, तिची रूपे तिच्या लेकी-भाषांच्या तुलनेनेच मांडावी लागतात.

मग ‘विदेरे’तला ‘द’ ‘व्हिजन’मध्ये का नाही? त्या मूळ भाषेत ‘विद्’ला ‘त’ने सुरू होणारा प्रत्यय लागला की ‘द्’चा ‘त्’ होई आणि दोन दंत्य व्यंजनांच्या मध्ये एक ‘स’ शिरे, म्हणजे ‘वित्स्त’सारखे रूप तयार होई. संस्कृतने हा ‘स’ गाळला आणि ‘वित्त’ उरले. वित्तमंत्र्यांच्या पदनामातले हे ‘वित्त’ म्हणजे मुळात सापडलेले, मिळवलेले. ग्रीकने ‘स्त’ राखला, म्हणून तिथे ‘अइस्तोस’ म्हणजे न दिसणारा. लॅटिनने मात्र सगळ्या जोडाक्षराचाच ‘स’ केला, त्यातून ‘वीसिओ’ झाला. पुढे फ्रेंचमध्ये दोन स्वरांमधला हा ‘स’ घोष झाला, म्हणजे इंग्रजी ‘z’सारखा उच्चारला जाऊ लागला, आणि इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुमारास पुढच्या ‘य’मध्ये मिसळला. या नव्या ध्वनीसाठी देवनागरीत स्वतंत्र अक्षर नसल्याने आपण ‘ज’ लिहितो.

इंग्रजीचा घरचा वारसा वेगळाच आहे. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये मांडलेल्या नियमानुसार, इंग्रजी ज्यांत मोडते त्या जर्मानिक भाषांत मूळ ‘द’चा ‘ट’ होतो: ‘दश’ आणि ‘टेन’, ‘दन्त’ आणि ‘टूथ’, तसेच ‘विद्’ आणि ‘विट’, म्हणजे बुद्धी. नाते ठरते ते अशा नियमाने, नुसत्या सारखेपणाने नव्हे. ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळचा आणि अर्थ एकच, तरी त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. ही खातरजमा न करता अभिमानाने पुढे पाठवलेली व्युत्पत्ती संस्कृतचा मान वाढवत नाही.

इंग्रजीत ‘व्हिजन’चा सर्वांत जुना अर्थ दैवी साक्षात्कार असा होता, डोळ्यांची दृष्टी हा अर्थ नंतरचा आणि दूरदृष्टी त्याहून अलीकडची. पण ‘पाहणे’ हे ‘जाणणे’ झाले ते फार आधी, मूळ भाषेतच. ‘मी पाहिले आहे, म्हणून मला ठाऊक आहे’ अशा भावाचे क्रियारूप संस्कृतात ‘वेद’, ग्रीकमध्ये ‘ओइदा’ आणि गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेत ‘वाइट’ असे उरले. तिन्हींचा अर्थ ‘मी जाणतो’. संस्कृतात या प्रकारच्या रूपांत धातूचे पहिले अक्षर दोनदा येते, जसे ‘ददर्श’, ‘चकार’ (यात पहिल्या ‘क’चा ‘च’ होतो). ‘वेद’ त्याला अपवाद आहे, ग्रीकमध्ये ‘ओइदा’ही तसाच अपवाद आहे, आणि हजारो मैल दूरच्या दोन भाषांनी एकाच धातूपाशी एकच अपवाद जपणे हा योगायोग असू शकत नाही.